‘फेदर बेड विथ द फर्निचर’ : पलंग आणि टेबल-खुर्च्या?

निळी शाई : अठराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका विधवेच्या मृत्युपत्राचा अनुवाद चालू आहे. जमीनजुमला काही नाही, सगळं घरातलंच. थोरल्या मुलीला ‘माय बेस्ट फेदर बेड विथ द फर्निचर’, धाकटीला ‘ब्रास केटल’ आणि प्यूटरची ताटं, नातीला कपडे. मी ‘माझा उत्तम पलंग व त्याचे फर्निचर’ असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘फर्निचर’खाली लाल रेघ मारून ‘कोणतं?’ असं विचारलंय.

गोधडी : रेघ ‘पलंगा’खालीही हवी होती. त्या काळच्या ‘बेड’मध्ये लाकूड नसतं, लाकडी सांगाडा तो ‘बेडस्टेड’. बेड म्हणजे पिसांची गादी. घट्ट विणीची खोळ, तिला आतून मेण किंवा साबण घासलेला, नाहीतर पिसांचे देठ कापडातून वर येऊन टोचतात. आत चाळीस-पन्नास पौंड पिसं सहज मावत. मालमत्तेच्या याद्यांमध्ये अनेकदा तिचं वजन लिहिलेलं सापडतं, आणि साध्या सांगाड्यापेक्षा किंमत गादीचीच जास्त. सांगाड्याला दोराची जाळी, तीवर पेंढ्याची गादी, त्यावर ही. दोर सैल पडला की मधोमध झोळ येतो, मग लाकडी किल्लीनं पिळून ताणायचा.
‘फर्निचर’ म्हणजे त्या बिछान्याचा सरंजाम : बोल्स्टर, उशा, चादरी, ब्लँकेटं, पलंगपोस, भोवतीचे पडदे. शेक्सपिअरनं १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला ‘सेकंड बेस्ट बेड विथ द फर्निचर’ दिला, तिथंही हाच अर्थ.

अनुस्वार : सरंजामाला जहागिरीचा वास येतो. नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे : सोपस्कर. स + उपस्कर, म्हणजे साधनसामग्रीसह. शय्यादानातली ‘सोपस्कर शय्या’ गादी, उशी, चादरीसकट असते.

ठोकताळा : शब्दाला शब्द बसला, वाचकाला नाही बसणार. ‘सोपस्कर’ म्हटलं की लोकांना सह्या-शिक्के आठवतात, आणि शय्यादान म्हटलं की बारावं-तेरावं. न्यू इंग्लंडच्या आजीबाईंकडे भटजी कशाला? ‘पिसांची चांगली गादी, अंथरूण-पांघरुणासकट.’

अनुस्वार : आणि पडदे? ते अंथरायचे की पांघरायचे?

गोधडी : बोल्स्टरचा ‘लोड’ करू नका, एवढं बघा. लोडाला टेकतात. हा पलंगाच्या रुंदीभर, उशांच्या खाली असतो.

तांबट : केटलकडे कुणाचं लक्षच नाही. ‘किटली’ त्याच शब्दावरून आली आणि नेमकी तीच इथं चालत नाही. या भांड्याला तोटी नसते. उघडं तोंड, वर बादलीसारखी कडी. ‘कडीचं पितळी पातेलं’ म्हणा. लोखंडात रंग काळवंडतो, म्हणून सूत रंगवायला पितळच बरं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, तिथंही आणि इथंही.
प्यूटरला ‘जस्त’ लिहू नका. जस्त बिदरीत असतं. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं तांबं किंवा अँटिमनी, हलक्या मालात शिसं. नुसतं कथीलच २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ही ताटं विस्तवावर ठेवायची सोय नाही. धातू मऊ, पोचे लवकर पडतात. मग मोडीत घालून नवी ओतवून घ्यायची.

निळी शाई : प्रत्येक कलम ‘आयटम’नं सुरू होतंय. ‘वस्तू : मी देते’ असं?

ठोकताळा : नको हो! ते लॅटिन आहे, अर्थ ‘तसेच’.

अनुस्वार : मथळ्यात ‘स्त्रीधनाची वाटणी’ शोभेल.

दौत : साफ चूक. स्त्रीधन नवरा हयात असतानाही बाईचंच. तिथल्या इंग्रजी वळणाच्या कायद्यात लग्न लागलं की तिच्या चीजवस्तू नवऱ्याच्या, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नसे. म्हणून अशी मृत्युपत्रं बहुतेक विधवांची नाहीतर अविवाहितांची. नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा विधवेला मिळे तो हयातीपुरता, पुढे कुणाला ठेवता येत नसे. गादी-भांडी मात्र तिला हवी त्याला देता येत. ‘चीजवस्तू’ लिहा.

अनुस्वार : ‘चीज’ फारसी आहे.

दौत : ‘फर्निचर’ फ्रेंचांकडून आलेलं चाललं की.

ठोकताळा : त्यापेक्षा ‘मृत्युपत्र’ की ‘इच्छापत्र’ ते ठरवा. इच्छा तर कुणीही, कसलीही करतं.

अनुस्वार : इच्छापत्रच. जिवंत माणसाच्या हातात मृत्युपत्र कसं द्यायचं?

दौत : ‘व्यवस्थापत्र’ही रूढ आहे. ‘बक्षीसपत्र’ तेवढं नको, ते हयातीतच लागू होतं.

निळी शाई : म्हणजे ‘गादी’ पक्की समजू?

अनुस्वार : ‘थोरल्या मुलीला माझी गादी’ असं छापा आणि बघा. वाचक विचारतील, बाई कुठल्या मठाच्या?