यॉर्क पाहिलंय? तुमचा अनुभव इथे लिहा

लंडनला आलेली बरीच मंडळी आता एक दिवस उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क या जुन्या शहरासाठी काढतात. किंग्ज क्रॉसहून थेट गाडी आहे, दोन तासांत पोहोचता येतं. मग शॅम्बल्सच्या गल्लीत फोटो, मिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या भव्य कॅथेड्रलच्या, दारात फोटो, कुठेतरी चहा, की परत. काय काय बघायचं याच्या याद्या भरपूर मिळतात, त्या इथे नकोत. तुमचे पाय कुठे थबकले आणि का, ते लिहा.

मी सुरुवात करते. माझी जागा मिन्स्टरच्या पूर्वेकडच्या खिडकीसमोरची. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 या काळात ती घडवली. मजुरी 56 पौंड. जवळपास टेनिस कोर्टाएवढी चित्रकाच. वरच्या बाजूला सृष्टीची उत्पत्ती, खाली जगाचा शेवट. ही काच आज आहे याचं मला जास्त अप्रूप वाटतं. 1644 मध्ये राजा विरुद्ध संसद अशा यादवी युद्धात शहराला वेढा पडला आणि संसदेची फौज जिंकली. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रकाचा फोडणं हे धर्मकार्य समजलं जाण्याचा तो काळ. पण सेनापती थॉमस फेअरफॅक्स यॉर्कशरचाच. त्याने मिन्स्टरला धक्का लागू दिला नाही. जिंकलेल्या माणसाने हात आवरला, म्हणून आपण ती खिडकी बघतो.

तिकीट महाग वाटत असेल तर संध्याकाळच्या ईव्हनसाँगला जा. त्या प्रार्थनेला पैसे लागत नाहीत, आणि ते गाणं त्या छताखाली ऐकायलाच हवं.

*

छान धागा. मी ठाण्याचा. बाबा परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उमेदीची पहिली वर्षं वाफेच्या इंजिनांवर काढलेली. त्यामुळे आमचं यॉर्क म्हणजे नॅशनल रेल्वे म्युझियम. स्टेशनच्या मागेच आहे आणि प्रवेश फुकट. मधला मोठा हॉल म्हणजे पूर्वीची खरीखुरी लोकोशेड, इंजिनं फिरवायचं टर्नटेबल अजून जागेवर आहे.

सगळी गर्दी 'मॅलार्ड' या निळ्या इंजिनाभोवती असते. 3 जुलै 1938 ला तिने ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटर वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. बाबांनी तिला नमस्कार केला आणि पुढे निघाले. ते थांबले 'एलरमन लाइन्स'पाशी. हे अख्खं इंजिन एका बाजूने उभं कापून ठेवलंय. फायरबॉक्स, बॉयलरच्या नळ्या, सिलिंडर, सगळं उघडं. आयुष्यभर आम्हाला हातवारे करून जे सांगत आले, ते त्यांनी तिथे माझ्या मुलीला बोट ठेवून दाखवलं. आग कुठे, पाणी कुठे, वाफ कुठून कुठे जाते. शेजारी उभं असलेलं एक इंग्रज कुटुंबही ऐकायला थांबलं, आणि बाबा न अडखळता वर्कशॉपच्या इंग्रजीत समजावत राहिले.

मग चीनच्या रेल्वेसाठी 1935 मध्ये बांधलेलं ते प्रचंड इंजिन. बांधणारी कंपनी व्हल्कन फाउंड्री, लँकशरमधली. बाबा लगेच म्हणाले, "अरे, हे तर आपलेच!" 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे जी पहिली गाडी धावली, तिची इंजिनं याच कारखान्यातून आली होती. ठाण्याच्या माणसाला यापेक्षा वेगळं तीर्थस्थान कशाला हवं?

*

वरचं वाचून डोळे भरून आले. माझा अनुभव छोट्या यॉर्कशर म्युझियममधला, जिथे फारसं कुणी जात नाही.

मी नर्स आहे, कोल्हापूरहून इकडे आले त्याला बराच काळ झाला. त्या संग्रहालयात एका रोमन काळातल्या स्त्रीचे अवशेष आहेत. 1901 मध्ये यॉर्कातच तिची दगडी शवपेटी सापडली. चौथ्या शतकातली, तरुण वयात गेलेली, श्रीमंत घरातली. तिच्यासोबत बांगड्या होत्या, काही हस्तिदंताच्या आणि काही जेटच्या. जेट म्हणजे इथल्याच व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणारा काळा, चकचकीत दगड. हस्तिदंत मात्र दूरचं. हाडांचा अभ्यास झाला तेव्हा संशोधकांनी सांगितलं की तिचं मूळ बहुधा उत्तर आफ्रिकेतलं असावं.

म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी या थंड गावात परमुलखाचं रक्त असलेली एक बाई राहत होती, आणि तिने दोन्हीकडच्या बांगड्या एकत्र जपल्या होत्या. माझ्या हातात तेव्हा आईने दिलेली एक पाटली होती. ड्यूटीवर ती काढावी लागते, सुट्टीच्या दिवशी मी आठवणीने घालते. तिच्या पेटीत हाडाची एक पट्टीही मिळाली, लॅटिनमध्ये कोरलेली: 'भगिनी, तुझं कल्याण असो, देवाच्या ठायी तू जिवंत राहा.' कुणीतरी तिला बहीण म्हटलं होतं. मी तिथे बराच वेळ बसले. इथल्या कुणी "मूळची कुठली तू?" असं विचारलं की हल्ली मला ती आठवते.

*

मुलं बरोबर असतील तर योर्विक हे व्हायकिंग काळाचं संग्रहालय सोडू नका. 1976 ते 1981 मध्ये शहरातल्या कॉपरगेटला उत्खनन झालं. ओल्या, हवाबंद चिखलामुळे लाकूड, चामडं, अगदी लोकरी मोजासुद्धा टिकून राहिला. जिथे खोदलं तिथेच व्हायकिंग वस्ती पुन्हा उभी केलीय. पाळण्यासारख्या गाडीतून तिच्यातून फिरवतात, आणि वासही दिलेत. माझ्या धाकट्याने नाक दाबून सगळी फेरी केली आणि उतरल्यावर परत चल म्हणाला!

*

मी इथेच शिकतोय. क्लिफर्ड्स टॉवर या टेकाडावरच्या जुन्या बुरुजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मार्चमध्ये त्या हिरव्या टेकाडावर पिवळे डॅफोडिल्स फुलतात. सगळे तिथे हसत फोटो काढतात, मीही पहिल्यांदा तेच करायला गेलो होतो. पायऱ्यांपाशी एक पाटी आहे. 16 मार्च 1190 च्या रात्री शहरातले सुमारे 150 ज्यू, बायकामुलांसह, इथल्या लाकडी गढीत अडकले होते. बाहेर जमाव होता. बहुतेकांनी आपल्या माणसांना स्वतःच्या हाताने संपवलं आणि मग स्वतःला. अभय मिळेल या आशेने जे बाहेर आले त्यांना मारलं गेलं. त्यानंतर जमाव मिन्स्टरमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले, ज्यूंकडून घेतलेल्या कर्जाचे कागद जाळून टाकले. मला सर्वांत जास्त हेच लागलं. धर्माचं नाव होतं, पण हिशेब पैशाचा होता. आताचा दगडी बुरूज त्यानंतरचा, तेराव्या शतकातला. 2022 पासून आत लाकडी जिना आणि वर गच्ची केलीय. तिथून मिन्स्टर आणि सगळं शहर दिसतं. वर जा, पण आधी ती पाटी वाचा.

*

तटबंदी राहिली की! पेशाने मी आर्किटेक्ट, मुंबईचा. जवळजवळ 3.4 किलोमीटरचा तट, त्यावरून फुकट चालता येतं, संध्याकाळी दरवाजे बंद होतात.

हा तट आपोआप वाचलेला नाही. 1800 मध्ये खुद्द नगरपालिकेलाच तो पाडायचा होता. देखभालीचा खर्च, अरुंद वेशी, रहदारीची अडचण, कारणं आपल्या ओळखीची आहेत. वेशींपुढचे बाहेरचे बुरूज तेव्हा पाडलेही गेले, फक्त वॉल्मगेटचा शिल्लक आहे. विल्यम एटी नावाचा चित्रकार, यॉर्कातच जन्मलेला, पत्रं लिहून आणि भाषणं देऊन भांडला, आणि शहर हळूहळू त्याच्या बाजूने झालं. आर्ट गॅलरीसमोर त्याचा पुतळा आहे.

आमच्या मुंबईचा कोट 1860 च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडला. सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ एक तुकडा उरलाय, बाकी 'फोर्ट' हे नाव. शहराला वाढायचं होतं हे मला समजतं, त्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींवर माझा जीवही आहे. तरीही यॉर्कच्या तटावरून चालताना मला एटीचा हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही.

*

सगळ्यांना धन्यवाद, काय सुंदर लिहिताय! एकाने व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय की आईला गुडघ्यांचा त्रास आहे, काय जमेल? तटाच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडाही नाही, तो सोडा. मिन्स्टरचा मनोरा म्हणजे 275 पायऱ्या, तोही नको. मिन्स्टरचा तळमजला, रेल्वे म्युझियम आणि योर्विक व्यवस्थित होईल. शॅम्बल्सला सकाळी लवकर न्या. दुकानं उघडायच्या आधी ती गल्ली मोकळी असते, आणि खाटकांनी मांस मांडायला केलेल्या खिडक्यांखालच्या रुंद फळ्या निवांत बघता येतात. शाकाहारी जेवणाची ठिकाणं माहीत असतील त्यांनी खाली लिहा.