गंजलेल्या कारखान्याचे टेरेन लवकर कसे रंगवावे?

प्रश्न

टेबलावर खेळायच्या २८ मिलिमीटर मापाच्या मिनिएचरसाठी (छोट्या बाहुल्यांसाठी) मी एका बंद पडलेल्या कारखान्याचे टेरेन (खेळात मांडायचा देखावा) तयार केले आहे. त्यात एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) दोन इमारती, थ्रीडी प्रिंट केलेल्या चार टाक्या, बरेच पाइप, जाळीचे जिने आणि काही पिंपे आहेत. पहिली टाकी मी मिनिएचरइतक्याच बारकाईने रंगवली. तिच्यावर चार संध्याकाळी गेल्या, आणि तरीही ती गंजलेली न दिसता तिच्यावर नारिंगी रंग सांडल्यासारखी दिसते. खेळताना उभे राहून पाहिल्यावर सगळे जुने, वापरलेले वाटावे, एवढीच अपेक्षा आहे. माझ्याकडे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) नाही. कोणती पद्धत वापरावी?

उत्तर १

एक नग हाती घेऊन तो संपवण्याऐवजी सगळे नग समोर मांडा आणि एकच टप्पा सगळ्यांवर उरका. शेवटच्या नगापर्यंत पोहोचेस्तोवर पहिला बहुधा वाळलेला असतो, त्यामुळे वाट पाहण्यात वेळ जात नाही. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग फार शोषतात, म्हणून त्यांना आधी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक हात द्या.

त्यानंतर सगळ्यावर गडद तपकिरी स्प्रे प्रायमर (मुख्य रंगाआधीचा पहिला थर) मारा. काळ्यापेक्षा तपकिरी सोयीचा, कारण मुख्य रंग जिथे पोहोचणार नाही तिथे आपोआप जुना गंज दिसतो आणि खाचा वेगळ्या रंगवाव्या लागत नाहीत. मुख्य रंग ब्रशने भरू नका. भांडी घासण्याच्या स्पंजचा तुकडा फाडून घ्या, रंगात बुडवा, कागदावर बराचसा टिपून टाका आणि मग पृष्ठभागावर थोपटत जा. कडांजवळ हात हलका ठेवला की उडालेल्या रंगाचे पोपडे वेगळे न काढताच तयार होतात. वर गडद तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), आणि तो पूर्ण वाळल्यावर रुंद ब्रशने फिकट राखाडी ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवणे). थ्रीडी प्रिंटवर मात्र ड्रायब्रश जपून करावा, नाहीतर थरांच्या रेषा उठून दिसतात.

उत्तर २

वरील क्रम योग्य आहे, पण टाकी नारिंगी का दिसते हे त्यातून सुटत नाही. माझ्या मते तिथे गंजाची जागा चुकली आहे. पाणी जिथे साचते आणि जिथून ओघळते, तिथे लोखंड आधी गंजते: रिव्हेटच्या खाली, पत्र्यांच्या जोडावर, पाइपच्या वाकणाच्या तळाशी, टाकीच्या बुडाच्या कडेला. रंग हातात घेण्यापूर्वी या टाकीवर पाऊस पडला तर पाणी कुठून खाली येईल, एवढा विचार केला तरी निम्म्याहून अधिक चुका टळतात. जुना गंज गडद, जवळजवळ चॉकलेटी असतो आणि ताजा गंज नारिंगी. म्हणून आधी गडद तपकिरीचे मोठे डाग, त्यांच्या आत विटकरी, आणि अगदी मध्यभागी किंवा ओघळाच्या उगमाशी नारिंगीचे मोजके ठिपके द्यावेत.

ओघळांसाठी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग मला सर्वांत वेगवान वाटतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी. रिव्हेटखाली रंगाचा बारीक ठिपका ठेवायचा आणि व्हाइट स्पिरिटने (तैलरंग पातळ करणाऱ्या द्रावकाने) किंचित ओलावलेला चपटा ब्रश सरळ खाली ओढायचा. रेघ फिकट होत जाते आणि पसंत पडली नाही तर पुसून टाकता येते. पाण्यात मिसळणाऱ्या, झटपट वाळणाऱ्या ॲक्रिलिक रंगात ही सवड मिळत नाही. सर्वच धातूंवर गंज चढवू नका. ॲल्युमिनियम गंजत नाही, आणि तांब्याच्या पाइपवर हिरवट निळा थर येतो. असे एक-दोन पाइप ठेवले तर सगळ्या तपकिरी रंगात नजरेला विसावा मिळतो.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मी गंज सगळीकडे सारखाच पसरवला होता, हे आता लक्षात आले. दोन शंका आहेत. व्हाइट स्पिरिटने खालचा ॲक्रिलिक रंग निघणार नाही ना? आणि इमारतींचा चौथरा थर्मोकोलचा आहे, त्यावरही हाच स्प्रे प्रायमर चालेल का?

उत्तर ३

थर्मोकोलवर स्प्रे थेट मारू नका. बहुतेक स्प्रे कॅनमधील द्रावक थर्मोकोल विरघळवतात आणि चौथऱ्याला खड्डे पडतात. पांढऱ्या गोंदात काळा ॲक्रिलिक रंग मिसळून त्याचे दोन हात ब्रशने द्या. बाजू आणि फटी सुटू देऊ नका, कारण राहिलेल्या छोट्या भोकातूनही द्रावक आत शिरतो.

व्हाइट स्पिरिटने पूर्ण वाळलेला ॲक्रिलिक सहसा निघत नाही. तरीही मधे ॲक्रिलिक वॉर्निशचा एक हात दिला, तर चूक निर्धास्तपणे पुसता येते. तैलरंग वापरण्यापूर्वी तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवा. पुठ्ठा त्यातील बरेचसे तेल शोषतो, मग रंग लवकर वाळतो आणि चकाकतही नाही. काम करताना खिडक्या उघड्या ठेवा.

चंदेरी रंग सर्वांत शेवटी आणि अगदी थोडा वापरा: जिन्याच्या पायऱ्यांच्या मधोमध, कठड्याच्या वरच्या कडेला, दाराच्या मुठीवर, म्हणजे जिथे माणसांचे हातपाय रोज लागले असते आणि गंज टिकला नसता तिथेच.