मदत हवी आहे: सायकल चालवताना टोचणार नाही अशी बायकांची शॉर्ट्स

मैत्रिणींनो, मी म्हापशाची. रोज पहाटे पर्वरीमार्गे पणजीपर्यंत सायकलने जाऊन येते, २५-३० किलोमीटर होतात. रविवारी फेरीबोटीने दिवाडीला. पाय दमत नाहीत, पण मांड्यांच्या सांध्यात जळजळ होते आणि बसायची हाडं ठणकतात. पावसाळ्यात तर दमट हवेमुळे पुरळच उठलं.

आधी साध्या लेगिंग्जखाली कॉटनची निकर घालायचे. कॉटन घाम धरून ठेवतं आणि शिवण घासते, हे उशिरा कळलं. मग पॅडवाली शॉर्ट्स घेतली, पण दुकानात पुरुषांचीच होती. तिचं पॅड मला मागे अरुंद पडतं. बायकांची बसायची हाडं साधारणपणे जास्त रुंद असतात, त्यामुळे पॅडही मागे रुंद हवं, मधोमध शिवण नको. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नसते, हेही आता पाळते.

आता विचारायचंय ते असं: आपल्या हवेत जाड जेलचं पॅड बरं की पातळ फोमचं? कमरेचं इलास्टिक पोटात रुततं, म्हणून खांद्यावरच्या पट्ट्यांची बिब शॉर्ट्स घेऊ का? पण मग वाटेत लघवीला जायचं तर कसं करता? पावसात धुतलेलं पॅड सुकतं का दुसऱ्या दिवशीपर्यंत? आणि गोव्यात घालून बघून घेता येईल असं दुकान माहीत असेल तर नक्की सांगा, मापाचा अंदाज ऑनलाइन दोनदा चुकलाय.