७३ की ६६? बायबलची यादी ठरवण्याचा अधिकार कोणाचा

पारिजात

कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, प्रोटेस्टंट बायबलात ६६. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचा, म्हणजे तफावत सगळी जुन्या करारातली. एका बाजूचे म्हणतात, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने सात पुस्तके काढून टाकली. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कॅथलिक बिशपांच्या सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेने ती मागाहून घुसडली. नेमके काय झाले? प्रोटेस्टंटांचे 'केवळ शास्त्र' (म्हणजे बायबल) विरुद्ध कॅथलिकांचे 'शास्त्र आणि परंपरा' या मूळ वादाशी याचा धागा कुठे जुळतो? दोन्ही पंथांचे लोक एकत्र वाचायला बसणार आहेत, तेव्हा कुठे अडखळायला होईल तेही सांगा.

जुनी पोथी

दोन्ही विधाने चूक आहेत. ती सात पुस्तके अशी: तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराह, बारूख आणि मक्काबींची दोन. शिवाय एस्तेरमध्ये जादा मजकूर आहे. दानीएलमध्ये भट्टीतल्या तिघा तरुणांचे गीत (अध्याय ३) आणि १३ व १४ हे दोन अख्खे अध्याय जास्त आहेत. दानीएल १३ काढा म्हटल्यावर निम्म्या लोकांना ते पान सापडणार नाही, म्हणून प्रती आधीच पाहून ठेवा.

सुरुवातीचे बहुतेक ख्रिस्ती जुना करार ग्रीक भाषांतरात वाचत, आणि ही पुस्तके त्या ग्रीक संग्रहात होती. यहूदी लोकांच्या हिब्रू यादीत ती नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हिब्रू यादीच प्रमाण मानली. त्याच काळातला धर्मपंडित ऑगस्टीन याने मोठी यादी मानली, आणि ३९७ च्या कार्थेजच्या परिषदेने तीच स्वीकारली. पुढे १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेनेही ती जाहीर केली. म्हणजे ट्रेंटने नवे काही घातले नाही. ८ एप्रिल १५४६ ला ट्रेंटने केले ते एवढेच की ही यादी न मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. जेरोमला मतभेदाची जी मोकळीक होती, ती तिथे संपली.

ल्यूथरनेही पुस्तके फेकली नाहीत. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापलेली आहेत. शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली, अशी टीप त्यांना जोडली आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती होती. छापील प्रतींतून ती खरोखर हटली ती बरीच नंतर. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये त्यांच्या छपाईला पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले, हे त्यामागचे एक मोठे कारण.

लायपझिग१५१९

धागा जुळतो तो १५१९ च्या उन्हाळ्यात, लायपझिगच्या वादसभेत. ल्यूथरचा कॅथलिक प्रतिवादी योहान एक (Eck) याने शुद्धिस्थानाच्या (परगेटरी, म्हणजे मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होण्याची अवस्था) बाजूने दुसरे मक्काबी १२:४३-४६ पुढे केले. तिथे यहूदी सेनापती यहूदा युद्धात पडलेल्यांच्या पापांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. ल्यूथरचे उत्तर: हे पुस्तक हिब्रू यादीत नाही, सिद्धांताच्या वादात ते पुरावा ठरत नाही. योहान एकचे म्हणणे: ख्रिस्तसभेने ते स्वीकारले आहे. याच सभेत बोहेमियाचा सुधारक यान हुस याचा विषय निघाला. कॉन्स्टन्सच्या परिषदेने हुसला दोषी ठरवले आणि १४१५ मध्ये त्याला जाळण्यात आले. परिषदाही चुकू शकतात, हे ल्यूथरने त्या वेळी उघड मान्य केले. पुस्तकांच्या संख्येचा वाद अधिकाराचा वाद झाला तो इथे.

आता व्याख्या नीट धरा, कारण दोन्ही बाजू एकमेकांची कच्ची व्याख्या खोडत बसतात. 'केवळ शास्त्र' म्हणजे बायबलखेरीज काही वाचू नये असे नव्हे. ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्या नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे चौथ्या शतकातले श्रद्धेचे सूत्र, मानतात. त्यांचे म्हणणे एवढेच की कधीच न चुकणारा मापदंड फक्त शास्त्र आहे, बाकी सगळे त्यावर तपासायचे.

कॅथलिक बाजूचेही तसेच. परंपरा म्हणजे मनाला येईल ते जोडणे नव्हे. ट्रेंटच्या एका मसुद्यात सत्य 'काही अंशी' लिखित ग्रंथांत आणि 'काही अंशी' अलिखित परंपरांत आहे असे होते. अंतिम मजकुरात ते काढून नुसते 'आणि' ठेवले. त्या एका शब्दावर आजही कॅथलिक अभ्यासकांत चर्चा चालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजात दोन्ही एकाच झऱ्यातून येतात असे म्हटले. पोप व बिशप यांचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे, हेही त्यातच आहे.

कठीण प्रश्न दोघांनाही आहे. प्रोटेस्टंटांना: पुस्तकांची यादी शास्त्रात कुठेच नाही, मग ती कशाच्या आधारे? कॅल्व्हिनचे उत्तर पवित्र आत्म्याची अंतःसाक्ष हे आहे. कॅथलिकांना: ख्रिस्तसभेचा अधिकार मत्तय १६:१८ ('या खडकावर मी माझी मंडळी रचीन') वरून सांगायचा आणि मत्तयाचे प्रामाण्य ख्रिस्तसभेवरून, हे चक्र होत नाही का? माझ्या मते पहिला प्रश्न जास्त अवघड आहे, पण दुसरा टाळण्याजोगा नाही.

मूळपाठ

दोन भर.

एक, 'ती पुस्तके मुळात ग्रीकच' हा युक्तिवाद सरसकट वापरू नका. बेन सिराहचा बराच हिब्रू मजकूर १८९६ पासून कैरोच्या गनिझात (सिनेगॉगमधले जुन्या कागदांचे कोठार) मिळत गेला, आणि तोबीतचे अरामी व हिब्रू तुकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडले. उलट 'ग्रीक संग्रहात होती' हेही जपून म्हणावे: व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितात मक्काबींचे एकही पुस्तक नाही.

दोन, मार्क ७:८ मध्ये येशू ज्या मानवी परंपरेला दोष देतो आणि दुसरे थेस्सलनी २:१५ मध्ये पौल जी घट्ट धरायला सांगतो, दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच: पॅराडोसिस. इंग्रजी न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये मार्कात 'परंपरा' आणि थेस्सलनीत 'शिकवण' अशा अर्थाचे वेगवेगळे शब्द घातले आहेत. वाचणाऱ्याला दुवा दिसतच नाही. हे दोन उतारे शेजारी ठेवूनच वाचा.

पारिजात

खूप उपयोगी. दहा आज्ञांचे क्रमांकही वेगळे का?

जुनी पोथी

मजकूर तोच, तोडणी वेगळी. कॅथलिक ऑगस्टीनची विभागणी घेतात: मूर्तींची मनाई पहिल्या आज्ञेतच आणि शेवटी 'लोभ धरू नको'च्या दोन आज्ञा. रिफॉर्म्ड व अँग्लिकन मूर्तींची मनाई दुसरी धरतात आणि लोभाची एकच. 'कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली' हा आरोप यातून निघतो. पण ल्यूथरचा क्रम कॅथलिकांचाच आहे. गटात 'सहावी आज्ञा' असे न म्हणता 'व्यभिचार करू नको' असे शब्दांत म्हणा, कारण रिफॉर्म्ड मोजणीत सहावी म्हणजे 'खून करू नको'.