मेनूतली पानं गुगलला सापडतच नाहीत, काय करू?

हळदवाला_सांगली
मंडळी जरा मदत करा. आमचं सांगलीत हळद आणि बेदाण्याचं दुकान आहे, दिवाळीच्या सुमारास ओळखीच्या एका पोराकडून वेबसाईट करून घेतली, दिसायला एकदम झकास, वरच्या मेनूवर बोट ठेवलं की सरकन खाली उघडतो, राजापुरी हळकुंड, हळद पावडर, हिरवा बेदाणा, काळा बेदाणा सगळ्याला वेगळं पान. ४० एक पानं असतील. पण सर्च कन्सोलमधे (आपली साईट गुगलमधे कशी दिसते ते सांगणारं गुगलचंच साधन) बघतोय तर होमपेज आणि संपर्क, दोनच पानं इंडेक्स झालीत, म्हणजे गुगलच्या नोंदीत आलीत, बाकीच्यांचा पत्ताच नाही. पोरगं म्हणतंय काका थांबा, गुगलला वेळ लागतो. चार महिने थांबलो की ओ!

कृष्णाकाठ
थांबून काय होणार नाही. होमपेजवर राइट क्लिक करून पेज सोर्स, म्हणजे पानाचा मूळ कोड, उघडा आणि मेनूतल्या लिंका कशा लिहिल्यात ते बघा. ए टॅग (लिंकेचा कोड) आणि त्यात एचरेफ (पुढच्या पानाचा पत्ता) असेल तर ठीक, स्पॅन किंवा डिव्ह असल्या साध्या टॅगला ऑनक्लिक (क्लिक केल्यावरच चालणारा कोड) लावलं असेल तर तिथंच घोळ. आपण क्लिक करतो, गुगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, करत नाही, तो एचरेफमधला पत्ता उचलतो आणि पुढं जातो.

हळदवाला_सांगली
बघितलं. मेनूत सगळीकडे स्पॅन आणि ऑनक्लिक! संपर्क तेवढं खाली फूटरमधे साध्या ए टॅगनं दिलंय. म्हणूनच ते एकटं सापडलं काय?

कृष्णाकाठ
तेच कारण.

साइटमॅपप्रेमी
एवढं कशाला, साइटमॅप (साईटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) करा, सर्च कन्सोलमधे टाका, विषय संपला. एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, तुमची ४० तर चिल्लर.

कंदीपेढा_सातारा
साइटमॅप टाकाच, पण विषय संपत नाही. ते म्हणजे मार्केट यार्डाच्या गेटवर गाळ्यांची यादी लावल्यासारखं झालं, यादीत गाळा आहे पण आत जायला रस्ताच नाही. कुठलं पान महत्त्वाचं, कशाबद्दल आहे, हे गुगल आतल्या लिंकांवरून पण ठरवतं, त्यामुळं लिंकवर 'इथे क्लिक करा' नको, 'राजापुरी हळकुंड' असंच लिहा. मेनूत फोटो लावून लिंक दिली असेल तर त्याला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) द्या.
आणि कृष्णाकाठ, नुसता पेज सोर्स बघून फसायला होतं बरं का. लिंका जावास्क्रिप्टनं नंतर येत असतील तर सोर्समधे दिसणार नाहीत, पण गुगल पान रेंडर करतं, म्हणजे ब्राउझरसारखं चालवून बघतं, त्यामुळं त्याला दिसू शकतात. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधे लाइव्ह टेस्ट मारून रेंडर झालेलं एचटीएमएल बघायचं, तिथं ए एचरेफ आहे तर चिंता नाही. हळदवाले, मोबाइलवरचा मेनू पण तपासा हो, गुगल आता मोबाइलवरचीच साईट धरून चालतं. तीन रेघांचा मेनू मिटलेला असला तरी लिंका कोडमधे आधीपासून असतील तर चालतंय, बोट लावल्यावरच लिंका लोड होत असतील तर मात्र बोंबला. पत्त्यात हॅश (#) टाकून पानं केली नाहीत ना? हॅशच्या पुढचं गुगल सहसा धरतच नाही.

हळदवाला_सांगली
हॅश नाही, सुटलो. पोराला हे सगळं वाचायला दिलं, म्हणतोय दोन तासाचं काम आहे. मग चार महिने काय करत होतास म्हटलं तर हसतोय, वर म्हणतोय काका बेदाणे पाठवा की अर्धा किलो.

कंदीपेढा_सातारा
आधी लाइव्ह टेस्ट, मग बेदाणे.