डंपरबंदीचा ठराव झाला, बोर्ड लागला, तरी डंपर चालूच. आता जायचं कुठे?

भांडुपकर_७९:
नमस्कार मंडळी, मी भांडुपला राहतो, गाव रायगडात. तालुका मुद्दाम लिहीत नाही, आमच्या मुंबई मंडळातली निम्मी माणसं इथेच वाचत पडलेली असतात.

हायवेच्या फाट्यापासून गाव चार किलोमीटर, एकेरी डांबरी रस्ता, मधे ओढ्यावर जुनी मोरी आणि मोरीच्या पुढे लगेच झेडपीची शाळा. दोन वर्षं झाली वरच्या अंगाला खडीचं क्रशर सुरू झालंय आणि तेव्हापासून दिवसाला किती डंपर जातात ते मोजायचं लोकांनी सोडूनच दिलंय. शिमग्याला आईला घेऊन गेलो तर फाट्यावरचा रिक्षावाला म्हणाला मोरीपर्यंत सोडतो, पुढे तुमचं तुम्ही बघा. आईचं वय ७४, हातात दोन पिशव्या, चालत निघालो. मोरीचा एका बाजूचा कठडा गेलाय आणि मधोमध एक भगदाड पडलंय, त्यात कोणीतरी निरगुडीची फांदी खोचून वर लाल फडकं बांधलंय, तेवढीच काय ती सूचना. आई वाकून बघते आणि म्हणते, अरे खालचं पाणी दिसतंय.

१ मेच्या ग्रामसभेत दहा टनावरच्या गाड्यांना बंदी असा ठराव झाला. पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला, "अवजड वाहनांस प्रवेश बंद, हुकूमावरून". डंपरवाले त्याच बोर्डाखाली गाडी लावून वडापाव खातात. मग पोरांनी डोकं लावून लोखंडी पाइपची कमान उभी केली, मोठी गाडी अडावी म्हणून. तर दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी फाट्यावरूनच परत गेली, कॉलेजची पोरं बोंबलत बसली, आणि तिसऱ्या रात्री कोणीतरी गॅस कटरने कमान कापून नेली. पाइपसुद्धा ठेवले नाहीत.

आता प्रश्न असा की ग्रामसभेच्या ठरावाला काही किंमत आहे की नाही? आणि रस्ता दुरुस्त करायचा कोणी? ग्रामपंचायत म्हणते झेडपीचा, झेडपीत गेलो तर म्हणाले पीडब्ल्यूडीला विचारा, पीडब्ल्यूडीतला साहेब म्हणाला आमच्या यादीतच नाही. रविवारी परळला मंडळाची मीटिंग आहे, तिथे काहीतरी धड सांगता आलं पाहिजे.

निवृत्त_डेप्युटी:
मी झेडपीच्या बांधकाम विभागात तीस वर्षं काढलीत, आता मुलुंडला नातवंडं सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम, रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक काढा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग पीडब्ल्यूडीकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीकडे. तुमचा रस्ता "ग्रा.मा." अमुक किंवा "इ.जि.मा." तमुक असा नोंदवलेला असणार, आणि तसा असेल तर तो झेडपीचा, पीडब्ल्यूडीचा साहेब खोटं बोलला नाही. आणि जर नोंदच नसेल, म्हणजे पूर्वीची पाणंद होती आणि आमदार फंडातून कधीतरी डांबर पडलं असं असेल, तर मात्र खरी पंचाईत, कारण क्रमांक नाही तर ३०५४ मधून दुरुस्तीचा पैसा बसत नाही. ३०५४ हे लेखाशीर्ष आहे, मार्ग व पूल, ऑफिसात सगळे नुसतं "तीस चोपन्न" म्हणतात. तालुक्याला बांधकाम उपविभागात जाऊन रस्ते विकास आराखड्याचा नकाशा मागा. देत नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि ती कमान पुन्हा उभी करू नका हो. झेडपीच्या रस्त्यावर परवानगीशिवाय अडथळा उभा केला आणि रात्री एखादा बाइकवाला त्यावर आपटला तर गुन्हा तुमच्या पोरांवर आणि सरपंचावर येईल, क्रशरवाल्यावर नाही. शिवाय एसटी अडली तसा बंबही अडणार.

लाल_डबा:
निरगुडी आणि लाल फडकं 😂 आमच्याकडे पण हेच. सेफ्टी ऑडिट ऑफ कोकण.

कोर्टनाक्यावरचा:
वकील आहे, पण हा सल्ला फुकट समजा. ग्रामसभेचा ठराव म्हणजे मागणी, बंदी नव्हे. गाड्यांवर बंदी घालायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली शासनाला आणि शासनाने अधिकार दिलेल्यांना आहे, जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकारी करतात. लोकांच्या सुरक्षेसाठी किंवा रस्त्याचा, पुलाचा प्रकार बघून ठरावीक गाड्या ठरावीक रस्त्यावर बंद करता येतात, कायमच्या किंवा ठरावीक वेळेपुरत्या. अधिसूचना राजपत्रात येते, बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यानंतर कलम ११६ प्रमाणे अधिकृत फलक लागतात. तुमच्या पेंटरच्या बोर्डावर "हुकूमावरून" आहे पण हुकूम कोणाचा तेच नाही, म्हणून पोलीस काही करू शकत नाहीत.

तुम्ही हे दरवर्षी बघता खरं तर. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर १६ टन आणि त्यावरच्या गाड्या बंद असतात ना, ती ह्याच ११५ खालची अधिसूचना असते. म्हणजे चाकरमान्यांसाठी मंत्रालयातून निघते, गावच्या शाळेतल्या पोरांसाठी मात्र कोणी अर्जच करत नाही.

अजून एक, जे लोकांना माहीत नसतं. ११५ ची बंदी मोडली तर दंड कलम १९४ मध्ये येतो, ओव्हरलोडचा जो आहे तोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तो २० हजार रुपये आणि वर जादा टनामागे २ हजार असा आहे. म्हणून अधिसूचना हातात असली की हवालदाराच्या बोलण्याला वजन येतं.

पालीकडचा_पोरगा:
वाईट वाटून घेऊ नका पण एक विचारतो दादा, ते डंपर कोणाचे आहेत? आमच्याकडे पण असाच आरडाओरडा झाला, मुंबई मंडळाने लेटरहेडवर निवेदन दिलं, आणि मग कळलं की अकरापैकी सहा डंपर गावातल्याच पोरांचे, फायनान्सवर घेतलेले, महिन्याचा हप्ता डोक्यावर. ती पोरं ग्रामसभेत गप्प बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, तुम्ही गणपतीला पाच दिवस येणार आणि आमचा धंदा बंद करणार. चुकीचं बोलली का ती? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी स्वतः गावात राहून कंटाळून कुर्ल्याला आलो, मी कोणाला शिकवणार.

आणि ग्रामसभेत मत गावच्या यादीत नाव असेल त्यालाच. मंडळाच्या लोकांची नावं मुंबईच्या यादीत असतात, म्हणजे तुम्ही फक्त मागे उभं राहून चहा पिणार.

भांडुपकर_७९:
@पालीकडचा_पोरगा खरं आहे, दोन डंपर माझ्या चुलतभावाच्या मेव्हण्याचेच आहेत, म्हणून तर तालुका लिहिला नाही 😅 पण भगदाड काही नातं बघून पडत नाही ना. शाळेची पोरं रोज तिथूनच जातात.

@निवृत्त_डेप्युटी सर, एक कळत नाही, आधी एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर सगळं वीस वर्षं जात होतं, मग दोन वर्षांतच एवढी वाट कशी लागली?

निवृत्त_डेप्युटी:
छान विचारलंत, ह्यावर मी खूप भांडलोय आयुष्यात. रस्त्याचं नुकसान वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, एका एक्सलवर, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसावर, येणाऱ्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. एक्सलवर दुप्पट भार आला तर झीज दुप्पट नाही, सोळा पट. अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेरीस इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून हे काढलं होतं. आपल्याकडे चार टायरच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टन होती, २०१८ मध्ये ती ११.५ केली, आणि खडीचा डंपर फाळक्याच्या वर शीग लावून निघाला की तो ह्याच्याही वर गेलेला असतो. तुमच्या रस्त्यावर काय असतं, खडीकरण आणि वर २० मिलिमीटरचं कार्पेट, त्यावर सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा डांबराचा पातळ थर, मारला तर नशीब. अंगठ्याचं पेर असतं तेवढा जाड थर.

त्यात साईडपट्टी. समोरून एसटी आली की डंपर एक चाक खाली उतरवतो, साईडपट्टीचा मुरूम दबतो, डांबराची कड तुटते, पावसाचं पाणी त्यातून आत शिरतं आणि मग एका पावसाळ्यात रस्ता खालून पोकळ होतो. गटार बुजलेलं असेल तर बघायलाच नको. लोक म्हणतात डांबर खाल्लं, ते खाल्लं असेलही, पण निम्म्या वेळेला रस्ता पाण्याने मेलेला असतो.

मोरीचं मात्र आजच लेखी द्या, बाकीचं सगळं नंतर. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीचा पूल रात्री गेला, दोन एसट्या त्यात गेल्या, मी तेव्हा नोकरीत होतो, त्यानंतर महिनाभर आम्ही प्रत्येक मोरीखाली टॉर्च घेऊन वाकलो होतो. अर्जावर "मोरी धोकादायक, स्थळपाहणी करावी" असं स्पष्ट लिहा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. साहेबाच्या टेबलावर असा कागद आला की त्याला झोप लागत नाही, कारण उद्या काही झालं तर पहिला प्रश्न तोच असतो, तुम्हाला कळवलं होतं का.

खाडीपलीकडे:
आमच्याकडे वाळूचे डंपर होते. पूर्ण बंदी मागितली तेव्हा वर्षभर फाइल हलली नाही, कारण पर्यायी रस्ता दाखवा म्हणाले आणि पर्यायी रस्ताच नव्हता. मग शाळेच्या मुख्याध्यापिका बाई हुशार निघाल्या, त्या म्हणाल्या वेळेची बंदी मागा, सकाळी शाळा भरायच्या आणि संध्याकाळी सुटायच्या वेळेला गाड्या बंद. ती लगेच मिळाली. पहिला महिना पाळली, मग एक गाडी, मग दोन. शेवटी बायका खुर्च्या टाकून फाट्यावर बसल्या, वाटाण्याच्या शेंगा सोलत, आणि प्रत्येक गाडीचा नंबर वहीत लिहायच्या. भांडण नाही काही नाही, नुसत्या लिहायच्या. चालकांना त्या वहीची जाम भीती वाटायची, कारण गाडीचा नंबर आणि वेळ असली की तलाठ्याला वाहतूक पास तपासता येतो, विनापास गौण खनिज सापडलं तर महसूल कायद्याच्या कलम ४८ खाली गाडीच जप्त होते.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पण अर्ज टाका. खाणीमुळे बाधित गावांसाठीच तो निधी आहे, त्यात रस्त्याची कामं बसतात. आमचं अजून मंजूर झालेलं नाही, उगाच सोन्याची कौलं दाखवत नाही.

कोर्टनाक्यावरचा:
वहीची आयडिया एक नंबर. फक्त फोटो काढताना चालकाशी हुज्जत नको.

भांडुपकर_७९:
अपडेट देतो. चुलतभावाला फाट्यावर पाठवलं होतं, तिथे एक पिवळा बोर्ड आहे म्हणे, पण त्यावर गेल्या इलेक्शनपासून कोणाचा तरी वाढदिवसाचा बॅनर चिकटलेला. त्याने बॅनर फाडला, बादलीभर पाणी मारलं आणि फोटो पाठवला. रस्ता मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला निघाला! म्हणजे झेडपी, पीडब्ल्यूडी दोघांनी मला उगाच फिरवलं. बोर्डावर रस्त्याची लांबी, काम पूर्ण झाल्याची तारीख, पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे, सगळं आहे. तारीख मोजली तर अजून चौदा महिने शिल्लक आहेत.

निवृत्त_डेप्युटी:
शाब्बास. मग हा दोषदायित्व कालावधी चालू आहे, खड्डे ठेकेदाराने स्वखर्चाने भरायचे. अर्ज ग्रामसडक योजनेच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे करा, सोबत बोर्डाचा फोटो जोडा. मोरी त्याच कामात होती की जुनीच ठेवली ते अंदाजपत्रकावरून कळेल, त्याची प्रत मागा. ठेकेदार म्हणेल अवजड वाहतुकीमुळे खराब झाला, माझा दोष नाही, तेच सगळे म्हणतात.

भांडुपकर_७९:
तेच म्हणेल ना? कारण सर, बोर्डावर ठेकेदाराचं जे नाव आहे ना, तेच क्रशरच्या गेटवर पण आहे.

लाल_डबा:
आई शप्पथ.

निवृत्त_डेप्युटी:
मग त्याने ते लेखी म्हणू दे. वाट बघा त्या उत्तराची, आणि आलं की पहिली झेरॉक्स जिल्हाधिकाऱ्यांच्या ११५ च्या अर्जाला जोडा.

भांडुपकर_७९:
रविवारी परळला हेच वाचून दाखवतो. मेव्हणे पण येणारेत मीटिंगला, बघू कोण कुठे बसतंय.