कॅनडाच्या तुरुंगातले एल्डर: नोकरीआधी काय समजून घेऊ?

मुक्ता_सास्काटून:
नमस्कार मंडळी. सास्कॅचेवानमधल्या एका फेडरल (केंद्र सरकारच्या) तुरुंगात नर्स म्हणून रुजू होतेय. तिथे आदिवासी कैद्यांसाठी एल्डर (त्यांच्या समाजातले ज्येष्ठ आध्यात्मिक मार्गदर्शक) येतात, सेज या सुगंधी वनस्पतीची धुरी होते, आवारात स्वेट लॉज (तापवलेल्या दगडांच्या वाफेत प्रार्थना करायची झोपडी) आहे, एवढं कळलं. ओळखीतले एक काका म्हणाले, "गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?" मला उत्तर सुचलं नाही, आणि ते डोक्यातून जात नाहीये. इथे कुणी आत काम केलंय का?

सुनंदा_एडमंटन:
मुक्ता, मी अल्बर्टात हेच काम करून निवृत्त झाले. काकांना सांग, हा कायदा आहे. 1992 च्या करेक्शन्स अँड कंडिशनल रिलीज अ‍ॅक्टच्या कलम 83 नुसार आदिवासी अध्यात्माला आणि एल्डरना इतर धर्मांइतकाच, धर्मगुरूंइतकाच दर्जा आहे. ख्रिस्ती कैद्याला चॅप्लन (तुरुंगातला पाद्री) भेटतो तेव्हा कुणी लाड म्हणत नाही.

मागचंही बघ. याच देशाच्या कायद्याने पॉटलॅच आणि सन डान्ससारख्या विधींवर 1951 पर्यंत बंदी होती. सुमारे दीड लाख मुलं घरातून उचलून निवासी शाळांत घातली, स्वतःची भाषा बोलली तर मार. माझ्याकडे ड्रेसिंगला येणारा क्री जमातीचा एक मुलगा फॉस्टर घरांत, म्हणजे सरकारने सोपवलेल्या परक्या कुटुंबांत वाढलेला. आजीच्या भाषेतली प्रार्थना त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती तुरुंगात, एल्डरच्या तोंडून. हे मला आजही सहन होत नाही.

धुरी म्हणजे शिंपल्यात सेज पेटवतात, गरुडाच्या पिसाने धूर फिरवतात आणि प्रत्येक जण तो ओंजळीने डोळ्यांवर, डोक्यावर, छातीवर घेतो, आपण आरती घेतो तसा. कुणाच्या पवित्र वस्तूंच्या गाठोड्याला मात्र हात लावू नकोस. झडतीतही ते मालकाने किंवा एल्डरने उघडून दाखवायचं, अधिकाऱ्याने फक्त बघायचं.

वकील_टोरांटो:
ताईंच्या म्हणण्याला थोडी भर. लोकसंख्येत आदिवासी साधारण 5 टक्के, फेडरल कैद्यांत मात्र 30 टक्क्यांच्या वर, आणि स्त्री कैद्यांत जवळपास निम्म्या. शिक्षा देताना आदिवासी आरोपीची ही पार्श्वभूमी बघायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ग्लॅड्यू खटल्यात सांगितलं. तरी आकडा वाढतच गेला.

हीलिंग लॉजबद्दलही वाच, म्हणजे आदिवासी परंपरेनुसार चालणाऱ्या सुधारकेंद्रांबद्दल. मेपल क्रीकजवळ नेकानीट फर्स्ट नेशन या आदिवासी समाजाच्या जमिनीवर स्त्रियांसाठीचं ओकिमॉ ओची 1995 मध्ये सुरू झालं. पण अशा जागा फार थोड्या, आणि कमाल सुरक्षेतल्या कैद्याला तिथे प्रवेशच नाही. ज्याला सर्वात गरज, तोच बाहेर. माझा खरा राग यावर आहे.

मुक्ता_सास्काटून:
दोघांचे मनापासून आभार. एक कामाचा प्रश्न: बीपी किंवा मधुमेहाचा पेशंट स्वेटला जायचं म्हणाला तर अडवायचं का?

सुनंदा_एडमंटन:
परस्पर नाही म्हणू नकोस. डॉक्टरांना विचार, पेशंटला धोका नीट समजाव आणि त्याच्या संमतीने एल्डरशी बोल. आमच्याकडचे एल्डर अशा माणसाला दाराजवळ बसवायचे, केव्हाही बाहेर येऊ द्यायचे. पहिल्याच आठवड्यात एल्डरची ओळख करून घे. भेटताना तंबाखू द्यायची रीत आहे, पण आत नेण्याचे नियम कडक, म्हणून आधी तिथल्या इंडिजिनस लिएझन ऑफिसरला (आदिवासी कैदी आणि प्रशासन यांच्यातला दुवा असलेल्या अधिकाऱ्याला) विचार.